सत्तेचाळीसचं हसू

४ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, माझ्या बायकोचं आहे. माझं अक्षर पाहून तुम्ही पत्र न फोडताच परत पाठवाल याची मला खात्री होती. कंपनीची तीन पत्रं तशीच परत आली, आणि त्याआधी तुमच्या दादाची किती परत आली ते टपालवालाच जाणे. म्हणून ही लबाडी केली. आता फोडलंच आहे तर वाचून टाका, मग हवं तर फाडा.

मी खटपट्या. हे नाव तुम्हीच ठेवलं होतंत. दादाच्या गॅरेजमधला पहिला कारागीर, ज्यानं तुमचा केस वाळवायचा ड्रायर दुरुस्तीला म्हणून घेतला आणि त्याचा पंखा काढून सोल्डरिंगचा धूर बाहेर घालवायला खिडकीत बसवला. सव्वीस वर्षांत मी जाड झालो, टक्कल पडलं आणि हुद्द्याचं नाव मुख्य तंत्रज्ञ झालं. काम तेच आहे. तो पंखाही अजून चालतो.

दादाला जाऊन चार महिने झाले. तुम्ही आला नाहीत, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. बोलायचा अधिकार सगळ्यांत कमी मला आहे. तो का, ते मागाहून. एवढंच सांगतो की त्याला त्रास झाला नाही. सकाळच्या चहाच्या सुट्टीत, घड्याळं जोडणाऱ्या असेंब्लीतल्या लोकांच्या घोळक्यात, खुर्चीत बसल्या बसल्या गेला, आणि तोही विनोद सांगता सांगता. ‘एक माणूस बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात येतो आणि म्हणतो, याला दुरुस्त करू नका, फक्त...’ एवढं म्हणाला आणि मान टाकली. फक्त काय, यावर आमच्याकडे अजून वाद चालू आहे. मला त्याची फार आठवण येते. हे एकदा सरळ लिहून टाकलं की पुढचं मोकळेपणानं लिहिता येईल.

गेल्यापासून दादा फार मोठा माणूस झालाय. नवे साहेब प्रत्येक भाषणात ‘संस्थापकांची दूरदृष्टी’ म्हणतात. डब्यात काय आणलंय हे ज्याला डबा उघडेपर्यंत ठाऊक नसायचं, त्याची दूरदृष्टी. तळमजल्यावर त्याच्या नावाचं दालन होतंय. काचेच्या पेटीत त्याची खुर्ची, त्याचा चष्मा आणि खाली पाटी लावून ‘संस्थापकांचा पहिला स्क्रू ड्रायव्हर’ ठेवलाय. तो स्क्रू ड्रायव्हर माझा आहे. चार महिने मी तो शोधत होतो. आता मागायचीही सोय राहिली नाही.

पण मी पत्र लिहितोय ते वेगळ्याच कामासाठी. आपल्या बोलक्या घड्याळाचं नवं मॉडेल निघतंय, आणि तुमचं जुनं रेकॉर्डिंग नव्या स्पीकरवर खरखरतं. साहेबांनी ठरवलंय, की मूळ आवाजाच्या बाईंनी पंधरा जूनपर्यंत एक ते एकोणसाठ आकडे नव्यानं म्हणून दिले तर उत्तम, नाहीतर संगणकानं बनवलेला आवाज घालायचा. तो नमुना मी ऐकला. बाईचाच आवाज आहे, स्वच्छ आहे, एकदाही अडखळत नाही. सत्तेचाळीसला हसतही नाही.

सत्तेचाळीस वाचून तुमच्या कपाळावर आठी पडली असणार. पडू द्या. पत्र मात्र परत पाठवू नका, बायकोला वाईट वाटेल.

खटपट्या


१९ मार्च

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. ‘पत्र परत पाठवलं नाही म्हणजे उत्तर दिलं असं समजू नये. आवाज मिळणार नाही. ज्यानं मला न विचारता साऱ्या जगात माझं हसं केलं, त्याच्या कंपनीला तर नाहीच नाही.’ तीन वाक्यं, पण काय खणखणीत. मी ती मोठ्यानं वाचून पाहिली, तुमच्यासारखी जमली नाहीत. तिकडे बंदरावर बोटींच्या वेळा तुम्हीच सांगता असं दादाकडून कळलं होतं. त्याला ते कुठून कळलं हे त्यानं कधी सांगितलं नाही, पण दोनदा तो रजा टाकून कुठंतरी गेला होता आणि परत आल्यावर बोटींचं वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. ‘बोट वेळेवर नसते, पण ती वेळेवर सांगते,’ असं म्हणाला होता. तुमच्यासमोर यायचा धीर त्याला झाला नसावा.

आवाजाचा हट्ट धरत नाही. फक्त एक किस्सा ऐका. संगणकाच्या आवाजातले नव्या मॉडेलचे नमुने आम्ही वीस जुन्या गिऱ्हाइकांना वापरून बघायला दिले. त्यात पियानो जुळवणारे एक गृहस्थ आहेत, जन्मापासून अंध, कान असा की फोनवरून आमच्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे सांगतात. तिसऱ्या दिवशी त्यांचा तक्रार खिडकीला फोन.

‘घड्याळ बिघडलंय.’

‘काय होतंय?’

‘नऊ सत्तेचाळीसला हसलं नाही.’

खिडकीवरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की हा बिघाड नाही, सुधारणा आहे. ते म्हणाले, ‘बाई, घरात मी एकटा. दिवसातून एकदा तरी कुणीतरी हसावं म्हणून मी बरोबर सत्तेचाळीसला बटण दाबतो. तुमची सुधारणा परत घेऊन जा.’ आणि घड्याळ खरंच परत पाठवलं, वर लोकरीत गुंडाळून, म्हणजे त्याला लागायला नको.

ताई, हे तुमचं हसं झालेलं नाही. तुमच्या हसण्याची लोक वाट बघतात.

दुसरी गंमत सांगतो. दालनासाठी एक माहितीपत्रक छापतायत. मुखपृष्ठ सुंदर हिरवं झालंय असं बायको म्हणते. आत दादाचे दोन थोर निर्णय दिलेत. पहिला: ‘यंत्रालाही माणसाची ऊब हवी, म्हणून संस्थापकांनी एका आकड्यातलं हास्य जाणीवपूर्वक राखलं.’ दुसरा: ‘आमच्या कारखान्यात कोणत्याही सुट्या भागाला रंगाची खूण नाही. डबे, वायरी, पट्ट्या, सगळ्यांवर बोटाला लागतील अशा खाचा आहेत, कारण अंध व्यक्तींनाही इथं काम करता यावं असं संस्थापकांचं स्वप्न होतं.’

खाचा खऱ्या आहेत. अंध कामगारही खरे, आज असेंब्लीत अकरा जण आहेत आणि त्यांच्यापुढं माझे हात म्हणजे लाकडाचे. पण दुसऱ्या निर्णयाबद्दल आज काही लिहीत नाही. पहिल्याबद्दल मात्र एवढं लिहितो की दादानं ते हसू मुद्दाम ठेवलं नव्हतं.

खटपट्या


६ एप्रिल

ताई,

या वेळी कार्ड नाही, बंद पाकीट, आणि आत एकच ओळ. ‘त्यानं माझ्या तोंडावर सांगितलं होतं, मीच ठेवलं. मग खोटं कोण बोलतंय, तो की तू?’

मला तू म्हणालात. सव्वीस वर्षांनी बरं वाटलं, रागावून म्हणालात तरी.

रेकॉर्डिंगचा दिवस आठवतो? गॅरेजच्या मागची खोली, भिंतींना गाद्या टेकवलेल्या, मधल्या खिडकीला काच. तुम्ही आत, आम्ही दोघं बाहेर. प्रत्येक आकडा तीनदा म्हणायचा आणि त्यातला चांगला निवडायचा. सेहेचाळीसपर्यंत तुम्ही अशा गंभीर होतात की मला वाटलं घड्याळ वेळ सांगणार नाही, सुनावणार. सत्तेचाळीसला दादानं काचेपलीकडून डोक्यावर टोपी घातल्यासारखं केलं, आणि तुम्ही आकडा म्हणता म्हणता फुटलात.

त्या टोपीचा अर्थ मला नंतर कळला. शाळेत गणितात सत्तेचाळीस मिळाले म्हणून त्यानं प्रगतिपुस्तकातल्या इंग्रजी चाराच्या डोक्यावर शाईची टोपी घातली, त्याचा नऊ झाला, आणि तुमच्या वडिलांनी सत्त्याण्णव मिळाले म्हणून सगळ्या शेजाऱ्यांना बोलावून सांगितलं. ते सांगत असताना तुम्ही आठ वर्षांच्या, पलंगाखाली तोंडात उशीचं टोक कोंबून हसत होतात. दादा म्हणायचा, ‘तिनं तेव्हा चुगली केली नाही, म्हणून मी इंजिनिअर झालो.’

तिसऱ्या वेळी तुम्ही सत्तेचाळीस नीट म्हणालात. बाहेर येऊन बजावलंत, ‘ते हसलेलं पुसून टाका हं, माझी पुढच्या महिन्यात रेडिओची परीक्षा आहे.’ दादानं हो म्हटलं. मीही मान हलवली.

त्या परीक्षेचं तुम्ही एकदाच सांगितलंत, गॅरेजच्या दारात उभ्या राहून, पर्ससुद्धा खाली न ठेवता. शेवटची फेरी, तीन परीक्षक, बातमी बुडालेल्या जहाजाची, सत्तेचाळीस प्रवासी बेपत्ता. तुम्ही आकडा उच्चारला आणि मधल्या परीक्षकांनी रुमाल तोंडाला लावला, कारण त्यांच्या अंध आईच्या उशाशी आमचं घड्याळ होतं. मग त्यांनी उरलेल्या दोघांच्या कानात सांगितलं. आवाज उत्तम आहे, पण लोक बातम्या ऐकून हसतील, असं म्हणून त्यांनी तुम्हाला घरी पाठवलं. तुम्ही दादाला विचारलंत, पुसतो म्हणाला होतास ना? तो म्हणाला, ‘मीच ठेवलं. लोकांना आवडतंय.’

तेव्हा मी तिथंच होतो. टेबलाशी बसून रेझिस्टर निवडत होतो. मान वर केली नाही.

बायको म्हणते, जेवायचं टेबल किती वेळ अडवून बसणार आहेस. तिचं म्हणणं रास्त आहे. थांबतो.

खटपट्या


७ एप्रिल

ताई,

कालचं पत्र पेटीत टाकलं नाही. बायकोनं वाचलं आणि म्हणाली, ‘एवढी पानं लिहिलीस, पण त्यांनी जे विचारलं त्याचं उत्तर कुठंय?’ म्हणून हे पान जोडतोय.

ते हसू मी घातलं.

मला तांबडा आणि हिरवा यातला फरक कळत नाही. जन्मापासूनच. मला दोन्ही एकाच मळकट रंगाचे दिसतात. विजेच्या सुट्या भागांचं काम करणाऱ्या माणसाला हे चालत नाही, रेझिस्टर वीज किती अडवतो तेच त्यावर रंगीत पट्ट्यांनी लिहिलेलं असतं. म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं. प्रत्येक रेझिस्टर गुपचूप मीटर लावून तपासायचो आणि तुम्ही सगळे म्हणायचात, काय काळजीपूर्वक काम करतो हा.

टेपचे तुकडे दादानंच निवडले होते. घ्यायचा त्याला हिरवी पट्टी, टाकायचा त्याला तांबडी. सगळीकडे मी कानानं ऐकून जोडत गेलो, म्हणून अठ्ठावन्न आकडे बरोबर आले. सत्तेचाळीसला मला घाई झाली. हेडफोन काढून ठेवले होते, समोर दुसऱ्या-तिसऱ्या वेळचे दोन तुकडे, दोन पट्ट्या. मी एक उचलला. आवाज साठवायच्या हजार चिपा तशाच भरून आल्या, आणि त्या चिपा एकदा भरल्या की भरल्या, पुसता येत नाहीत.

पहिलं घड्याळ जोडलं आणि अकरा सत्तेचाळीसला ते हसलं. दादानं टेपच्या उरलेल्या तुकड्यावरची पट्टी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला सामानाच्या खोलीत नेलं. दोन वायरी हातात धरल्या. ‘यातली तांबडी कुठली?’ मी डावीकडे बोट दाखवलं. तो खाली खोक्यावर बसला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. म्हणाला, ‘दोन वर्षं तू माझ्याकडे रेझिस्टर निवडतोयस.’

दुपारी भांडवल घालणारे गृहस्थ आले. ही चूक ज्याची असेल तो उद्यापासून इथं दिसता कामा नये, म्हणाले. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. दादा म्हणाला, ‘चूक कसली? मी मुद्दाम ठेवलंय. घड्याळाला माणसाची ऊब हवी.’ माहितीपत्रकातलं ते थोर वाक्य तिथं जन्मलं, मला वाचवायला, घाईघाईत. एकदा सगळ्यांसमोर तसं म्हटल्यावर महिन्याभरानं तुम्ही विचारलंत तेव्हा त्यानं तेच म्हटलं, कारण मी शेजारी बसलो होतो आणि दार उघडं होतं.

तुम्ही गेल्यावर मी त्याला म्हटलं, ताईंना खरं सांग. तो म्हणाला, ‘गुपित तुझं आहे. मी सांभाळलं म्हणून ते माझं होत नाही. तुला जमेल तेव्हा तू सांग.’ पहिली दोन वर्षं मला नोकरीची भीती होती. पुढची चोवीस नुसती लाज. दर वर्षी वाटायचं, आता इतक्या उशिरा सांगून काय होणार. तुमच्याकडून परत आलेली त्याची पत्रं तो खणात ठेवायचा, मी बघायचो, आणि तरी गप्प बसायचो.

ते घड्याळ हसलं त्याच्या पुढच्या सोमवारी त्यानं गॅरेजमधल्या रंगाच्या सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून फेकल्या आणि कानशीनं डब्यांवर खाचा पाडत बसला. कुणी विचारलं तर म्हणायचा, आपली गिऱ्हाइकं अंध आहेत, आपण बोटांनी काम करायला शिकलं पाहिजे. ते स्वप्न वगैरे काही नव्हतं, ताई. ते माझ्यासाठी होतं.

तुमच्या भावानं तुमचं हसं केलं नाही. मी केलं, आणि तरी त्याचा भाऊ म्हणवून घेत राहिलो. मला क्षमा करा असं लिहिणार होतो, पण ती मी मागावी की नाही तेही तुम्हीच ठरवा.

खटपट्या


२० मे

ताई,

सहा आठवडे झाले. तुमच्याकडून काही नाही, आणि पत्रही परत आलं नाही. बायको रोज पेटी बघते आणि माझ्याकडे न बघता आत जाते.

आवाजासाठी लिहीत नाही. तो विषय मी सोडला. जे झालं ते तुम्हाला कळायला हवं, म्हणून लिहितोय.

काल दालनाचं उद्घाटन झालं. साहेबांनी दोन्ही थोर निर्णय वाचून दाखवले आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन वायरी खिशात घालून गेलो होतो. त्या काढल्या आणि विचारलं, यातली तांबडी कुठली? पहिल्या रांगेतून उत्तर आलं. मी म्हटलं, बरोबर असेल, मला माहीत नाही. मग सगळं सांगितलं. सामानाच्या खोलीपासून तुमच्या रेडिओपर्यंत, काही गाळलं नाही. माझा आवाज तर तुम्ही नापासच केला असता.

साहेब एवढंच म्हणाले, ‘पण माहितीपत्रक छापून झालंय.’ तेवढ्यात असेंब्लीतल्या थोरल्या बाई उठल्या. त्या आमच्याकडे आलेल्या पहिल्या अंध कामगार, वीस वर्षं झाली त्यांना. म्हणाल्या, ‘म्हणजे या खाचा आमच्यासाठी नव्हत्याच?’

मी म्हटलं, ‘नाही. माझ्यासाठी होत्या.’

‘मग तुमचे डोळे धड असते तर आम्हाला इथं कुणी घेतलं असतं का हो?’

‘सुचलंच नसतं कुणाला.’

‘चला,’ त्या खाली बसत म्हणाल्या, ‘तुमचे डोळे आमच्या उपयोगी पडले.’

आधी त्या अकरा जणांची रांग हसली, मग सगळं सभागृह. साहेबही हसले, त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग कुणीतरी म्हणालं, मग तो स्क्रू ड्रायव्हर तरी दादांचा आहे का, आणि मी खोटं बोलायचं सोडलेलं असल्यामुळं पेटी उघडावी लागली. आता तो माझ्या टेबलावर आहे. पेटीत साहेबांनी त्या दोन वायरी ठेवल्या.

मला वाटत होतं खरं सांगितलं की दादा लहान होईल. दूरदृष्टीवाला माणूस जाऊन कुणा एका कारागिराला पाठीशी घालणारा माणूस उरेल. तसा उरला खरा. पण संध्याकाळी दालनाबाहेर लोक त्याच्याविषयी ज्या तऱ्हेनं बोलत होते, तसं तो गेल्यापासून कुणी बोललं नव्हतं. प्रत्येकाकडे त्याचं एकेक होतं. कुणाच्या चुकीचं त्यानं काय केलं, ते.

त्याचा खण आवरताना एक टेप सापडली. डबीवर एक खाच, बाकी काही नाही. तो तुमचा दुसरा सत्तेचाळीस आहे, पूर्ण. चिपमध्ये जागा नसते म्हणून मी तो मध्येच कापला होता. तुम्ही घड्याळ कधी कानाला लावून ऐकलं असेल असं वाटत नाही, पण ऐकलंत तर तुमचं हसू संपता संपता एक जाड ‘हॅ’ येतो. तो तुमचा नाही. टेपवर पुढं चाळीस सेकंद तो आहे, दार उघडून खोलीत आत आलेला, तुम्हा दोघांना थांबता येत नाहीये, आणि मधेच तो म्हणतो, ‘बाबांना सांगशील?’ आणि तुम्ही म्हणता, ‘मरेपर्यंत नाही.’

तिची प्रत सोबत पाठवतोय.

खटपट्या


२४ जून

ताई,

तुमचं पार्सल नऊ तारखेला आलं. उत्तर लगेच लिहिणार होतो, पण आधी घड्याळ करायचं होतं, आणि ते मला दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचं नव्हतं.

आकडे सगळ्यांनी मिळून ऐकले. असेंब्ली बंद ठेवून. एक, दोन, तीन. बंदरावरच्या बाईंचा आवाज, थोडा जाड झालेला, पण कसा स्थिर. वीस झाले, चाळीस झाले. सेहेचाळीस. मग अठ्ठेचाळीस. थोरल्या बाई लगेच म्हणाल्या, ‘एक राहिला.’ मला वाटलं याही वेळी माझ्याच हातून काहीतरी सुटलं. मग खोक्याच्या तळाशी तुमची चिठ्ठी सापडली. साहेबांनी ती मोठ्यानं वाचली.

‘सत्तेचाळीस तीनदा म्हणून पाहिलं. समोर टोपी घालणारा कुणी नव्हता, म्हणून तीनही वेळा नीट आलं. ते चालणार नाही. जुनंच ठेवा, दादासकट. आणि खटपट्या, या वेळी कुठला तुकडा उचलतोस ते बायकोला दाखवून उचल.’

बायकोला दाखवूनच उचलला. दादाच्या ‘हॅ’च्या पुढचं आणखी दीड सेकंद आत घेतलं. नव्या चिपमध्ये जागा भरपूर आहे. खरखर मुद्दाम काढली नाही. साहेबांनी ऐकून सही केली आणि मग म्हणाले, अजून एकदा लावा.

पहिलं घड्याळ पियानो जुळवणाऱ्या गृहस्थांकडे मी स्वतः घेऊन गेलो. त्यांनी खुर्ची ओढली आणि आम्ही दोघं तीन अठ्ठावीसपासून बसून राहिलो. मधेमधे ते बटण दाबत होते. तीन सत्तेचाळीसला दाबलं. ऐकलं, परत दाबलं, मिनिट उलटायच्या आत चार वेळा. म्हणाले, ‘बाई मोठ्या झाल्या. पण सत्तेचाळीसला लहान होतात.’ मग डोकं एका बाजूला कलतं करून विचारलं, ‘आणि हा दुसरा कोण?’

मी म्हटलं, त्यांचा भाऊ. आमच्या कंपनीचा संस्थापक.

‘चांगला माणूस दिसतो,’ म्हणाले.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला तुम्ही लिहिलेलं साहेबांनी वाचलं नाही, ते मी घरी येऊन वाचलं. ‘त्या विनोदाचा शेवट मला माहीत आहे, तो आमच्या घरातला आहे. लिहून सांगण्यासारखा नाही, करून दाखवावा लागतो. जुलैच्या दुसऱ्या शनिवारच्या बोटीनं येते. चहाच्या सुट्टीत सगळ्यांना थांबवून ठेव.’

सगळ्यांना सांगून ठेवलंय. शेवट काय असेल यावर त्यांच्या आधीच पैजा लागल्यात. दादाची खुर्ची मी पेटीतून बाहेर काढून चहाच्या टेबलाशी ठेवली आहे, साहेबांना विचारून. तुमच्या ड्रायरचा पंखा पुसून ठेवलाय, पण परत मिळेल अशी आशा धरू नका. बोट उशिरा आली तरी आम्ही धक्क्यावर असू, मी आणि बायको. तिनं कुठल्याशा रंगाची साडी नेसायचं ठरवलंय, ओळखायला सोपं जावं म्हणून. रंग तिला विचारून कळवतो.

या पत्राचं पाकीट तिनं पुढं ठेवलं आणि पेन माझ्याकडे सरकवलं. या वेळी पत्ता मी लिहिलाय.

खटपट्या